एका धंद्याची एकच खुर्ची

ओळखीतून काम मिळते, असे धंद्यातली सगळी माणसे सांगतात. ते खोटे नाही. परंतु कोणाच्या ओळखीतून मिळते? माल विकत घेणाऱ्याच्या, कच्चा माल पुरवणाऱ्याच्या, नात्यागोत्याच्या, की नेमके आपलेच काम करणाऱ्या दुसऱ्या माणसाच्या? हा प्रश्न मी स्वतःला फार उशिरा विचारला. नऊ वर्षे मी रायपूरच्या लहान उद्योजकांच्या एकमेकांशी ओळखी करून देत होते, आणि त्या नऊ वर्षांत उत्तर आपल्याला ठाऊकच आहे असे धरून चालले होते. उत्तर चुकीचे धरले होते. त्याची किंमत मला द्यावी लागली नाही. दुसऱ्याच एका बाईला द्यावी लागली.

आधी कामाची माहिती देते, कारण हे काम म्हणजे नक्की काय, असे माझ्या सख्ख्या बहिणीनेही मला तीनदा विचारले आहे.

मी इथल्या एका आयटीआयमध्ये अठ्ठावीस वर्षे ड्रॉइंग शिकवले. चित्रकला नव्हे; यंत्रांच्या भागांचे, मापे घालून काढायचे ड्रॉइंग. फिटर, टर्नर, शीट मेटल अशा सगळ्या शाखांची मुले माझ्या हाताखालून गेली. मी निवृत्त झाले तेव्हा त्यांतली बरीच जण उरला, भनपुरी, बीरगांव या औद्योगिक पट्ट्यात स्वतःच्या शेडी टाकून बसली होती. एका विद्यार्थ्याच्या लग्नात जेवणाच्या रांगेत दोन जुने विद्यार्थी पाठीला पाठ लावून उभे होते. एक खास मापाचे बोल्ट नागपूरहून मागवीत असे. दुसरा तेच बोल्ट त्याच्या शेडीपासून दोन किलोमीटरवर बनवीत असे. मी दोघांना खांद्याला धरून समोरासमोर वळवले. त्या एका ओळखीचे श्रेय मी पुढे नऊ वर्षे खाल्ले.

त्यातून महिन्याची बैठक सुरू झाली. महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी सकाळी साडेसातला, भनपुरीतल्या एका वजनकाट्याच्या मागच्या खोलीत. बाहेर ट्रक तोलले जात असत आणि आत माणसे. व्यासपीठ नाही, हार नाहीत, पाहुणे नाहीत. प्रत्येकाने उभे राहून एका मिनिटात तीन वाक्ये बोलायची: मी काय बनवतो, ते कोणाला लागते, आणि मला सध्या काय हवे आहे. मिनिट संपले की मी पितळी घंटा वाजवीत असे. त्यानंतर अर्धा तास उभ्याने चहा. खरी बैठक तीच असते. ओळखी करून देणाऱ्याने त्या अर्ध्या तासात स्वतः चहा प्यायचा नसतो. कोण एकटा भिंतीला टेकून फोन पाहतो आहे, कोण एकाच माणसाला धरून बसला आहे, हे पाहत फिरायचे, आणि दोन माणसांच्या मध्ये नेमके एक वाक्य ठेवून बाजूला व्हायचे. दुसरे वाक्य आपण बोललो की काम बिघडते.

तीन वाक्यांतले तिसरे सर्वांत अवघड. मी काय बनवतो हे माणूस छाती काढून सांगतो. मला काय हवे आहे हे सांगायला त्याला कमीपणा वाटतो. "बस, आप सबका आशीर्वाद चाहिए," असे म्हणून बहुतेक जण खाली बसत. मी म्हणे, आशीर्वाद ही गरज ड्रॉइंगमध्ये दाखवता येत नाही, माप सांगा. ते हसत आणि पुढच्या महिन्यात पुन्हा आशीर्वादच मागत.

चहा आणि हजेरी वानखेडे भाऊंकडे होती. ते रेल्वेतून निवृत्त झालेले, माझ्याच गल्लीतले. धंद्याशी त्यांचा काही संबंध नव्हता. घरी बसवत नाही म्हणून येत. मी घंटा वाजवली की ते हटकून म्हणत, "मॅडम, तुमी बैठक घेऊन राहिल्या का चाचणी परीक्षा?"

विनोद म्हणून मी ते सोडून देत असे. आता वाटते, तो शेरा होता.

दुसऱ्याच वर्षी एक भांडण झाले. पुठ्ठ्याची खोकी बनवणारे दोघे बैठकीत होते. चहाच्या वेळी एकाने दुसऱ्याची कॉलर धरली. "मेरी पार्टी को तूने कम रेट बोला!" दुसरा म्हणाला, "तेरी पार्टी? खरीद के रखी है क्या?" चहा सांडला, एक खुर्ची मोडली, आणि पुढच्या महिन्यात निम्मी माणसे आली नाहीत. मी घाबरले. शिक्षकाला वर्गातली मारामारी जितकी घाबरवते तितके दुसरे काही घाबरवत नाही. घाबरलेला शिक्षक नेहमी जे करतो तेच मी केले. नियम केला.

नियम असा: एका धंद्याची एकच खुर्ची. खोकीवाला एक, बोल्टवाला एक, रंगवाला एक. मी आलेख-कागदावर नकाशा काढला. प्रत्येक चौकोन एका कामाचा, त्यात एक नाव. चौकोन भरलेला असेल तर नव्या माणसाचे नाव प्रतीक्षावहीत. भांडणे थांबली. पुढच्या सात वर्षांत कोणी कोणाची कॉलर धरली नाही. बाहेरगावची माणसे तो नकाशा पाहायला येत, त्याचे फोटो काढून नेत. मला त्याचा अभिमान होता हे मी लपवत नाही. रेषा सुंदर होत्या.

दमवणारी माणसेही पुष्कळ भेटली. एक विमावाले दर महिन्याला वेगळा धंदा सांगून वेगळा चौकोन मागत: कधी सल्लागार, कधी प्रशिक्षक, कधी "संबंध-व्यवस्थापन". एक लोणचेवाल्या दीदी दोन वर्षे एक शब्दही न बोलता येत राहिल्या. मी त्यांना भिडस्त समजले होते. शेवटी त्यांनी सांगितले की शनिवारी सकाळी घराबाहेर पडायला त्यांना काही तरी कारण हवे होते. मला वाटते, त्या बैठकीचा सर्वांत प्रामाणिक उपयोग त्यांनीच केला. मग आम्ही तेलीबांध्याला तलावाजवळच्या एका थंडगार सभागृहात गेलो. वजनकाट्याच्या खोलीत पंखाही नव्हता, पण तिथे माणसांना एकमेकांचे बोलणे ऐकू येत असे. नव्या ठिकाणी चित्रे दाखवायचा पडदा आला, गळ्यात अडकवायची नावे आली, आणि आभारचिठ्ठ्या आल्या. ज्याच्यामुळे काम मिळाले त्याचे नाव चिठ्ठीवर लिहून ती सर्वांसमोर त्याला द्यायची. टाळ्या होत. चिठ्ठ्यांचे गठ्ठे मी वर्षवार बांधून ठेवले आहेत. त्यांच्याविषयी पुढे बोलते.

सुनंदा त्याच सुमारास आली.

सभागृहाच्या दारात एक बाई उभी होती. हातात हेल्मेट, ओढणी खांद्यावरून कमरेला गाठ मारलेली. "मॅडम, ओळखलं का मले? सुनंदा. शीट मेटल. तुमी माह्या शीटवर लाल पेनानं लिहिलं होतं, 'रेषा बरोबर, हात अस्वच्छ.'"

शेरा मला आठवला नाही, पण मुलगी आठवली. डावखुरी होती. सपाट पत्रा कुठे कापला आणि कुठे दुमडला म्हणजे हवा तो आकार होईल, हे तिला कागदावर काढण्याआधी डोळ्यांना दिसत असे. असे विद्यार्थी दहा वर्षांत एखाददुसरे मिळतात.

"काय करतेस आता?"

"राइस मिलच्या बादल्या बनवून राहिली. बीरगांवले घरासमोरच शेड आहे. एक प्रेस आहे."

या बादल्या म्हणजे काय ते सांगते. राइस मिलमध्ये धान खालून वर चढवावे लागते. त्यासाठी उभा पट्टा फिरत असतो आणि त्यावर ओळीने पत्र्याच्या लहान बादल्या बसवलेल्या असतात. रहाटगाडग्याचीच रचना, पाण्याऐवजी धान. पत्र्याचा तुकडा प्रेसमध्ये, वरच्या आणि खालच्या साच्याच्या मध्ये दाबला की बादली तयार होते. त्या साच्याला सगळे डाय म्हणतात. डाय चांगली तर बादली चांगली.

"काम कमी पडून राहिलं, मॅडम," सुनंदा म्हणाली. "दोन मिलवाले होते, त्यातल्या एकानं मिलच विकली. दुसरा किती घेनार? माहं नाव सांगनारं कोनी पाहिजे. बैठकीत घ्या मले."

मी नकाशा पाहिला. खरे तर पाहायची गरज नव्हती. तो मला पाठ होता. "बादल्यांच्या चौकोनात दिनेश साहू आहेत. भनपुरीचे."

"मंग?"

"मग जागा रिकामी होईपर्यंत थांबावे लागेल."

"मानूस मरेपर्यंत?" असे म्हणून ती हसली. मी हसले नाही. प्रतीक्षावहीत तिचे नाव सुवाच्य अक्षरात लिहिले.

चार महिन्यांनी ती पुन्हा आली. या वेळी तिने हेल्मेट काढले नव्हते. "मॅडम, एका कोपऱ्यात बसू द्या. बोलनार नाही. चहा बी नको."

"नियम सगळ्यांना सारखा असतो, सुनंदा."

"मी काय कोनाले खाऊन राहिली का? वर्गात तर तुमी दोघी-दोघींले एका बेंचवर बसवत होत्या. एकमेकीचं पाहून शिका म्हने."

आत बैठक सुरू व्हायची होती, मी आत गेले. ती गेल्यावर वानखेडे भाऊ कपबशा लावता लावता म्हणाले, "मॅडम, एक खुर्ची जास्त टाकली तर हॉल काही फुटत नाही."

"खुर्चीचा प्रश्न नाही. नियमाचा आहे."

"हव, हव. मंग चहा नियमालेच द्या."

तिसऱ्या वेळी तिचा फोन आला. आवाजात आता थट्टा नव्हती. "मॅडम, या महिन्यात काम नाही आलं तर प्रेस जाते. एक जन पाहून बी गेला. प्रेस गेली तर मी शेड घेऊन काय करू? पोरीची सायकल ठेवू?" मी म्हणाले, पुढच्या बैठकीनंतर बोलू. टाळण्यासाठी म्हटले नव्हते; खरोखर बोलणार होते. पुढच्या बैठकीला बाहेरगावचे पाहुणे नकाशा पाहायला आले आणि सुनंदाशी बोलणे राहून गेले. स्वतःच्या कसुरीविषयी 'राहून गेले' हे क्रियापद किती सोयीचे असते, हे मला त्यानंतर कळले.

धान कापणीला आले होते. मिली सुरू व्हायच्या बेतात होत्या. त्यापुढच्या महिन्याच्या बैठकीत दिनेश साहू उभे राहिले. हा माणूस गोल चेहऱ्याचा, मृदू बोलणारा, आणि आशीर्वाद मागणाऱ्यांतला पहिला. त्या दिवशी मात्र म्हणाले, "मैडम, आज तीसरा वाक्य पहले बोलूँ?"

"बोला."

"मेरी डाई फट गई है. आठ इंच बाल्टी वाली. नई बनने में तीन हफ्ते लगेंगे, और मिल दस दिन में चालू होनी है. किसी की पहचान में कोई बाल्टी बनाने वाला हो तो बता दो भैया. हाथ जोड़ता हूँ." आणि त्यांनी खरोखरच हात जोडले.

सभागृहात तीसेक माणसे होती. कोणी बोलले नाही. कसे बोलणार? मी सात वर्षे खपून अशी खोली तयार केली होती की जिच्यात दिनेश साहूंखेरीज बादलीविषयी काही जाणणारा एकही माणूस नसावा. वर्गातली शांतता मला ओळखता येते. उत्तर येत नसले की वर्ग असा गप्प होतो. या वेळी उत्तर येणारी मुलगी वर्गाबाहेर उभी होती, आणि तिला उभे करणारी मी होते.

मी मिनिट संपल्याची घंटा वाजवली नाही. दारात जाऊन सुनंदाला फोन लावला. तिच्या मुलीने उचलला. मी मराठीतून विचारले, तिने नेहमीप्रमाणे हिंदीतून उत्तर दिले. "आंटी, प्रेस तो गया. बीस दिन हो गए. रुकिए, मम्मी को देती हूँ."

"मॅडम?" सुनंदा म्हणाली. "जागा झाली का?"

मी 'नाही' म्हणाले. मग मी दिनेश साहूंची अडचण सांगितली.

"प्रेस गेली. डाय आहे," ती म्हणाली. "तिले कोनी घेतली नाही. भंगारवाला म्हने लोखंडात देता का. मी म्हनलं, लोखंडात नाही देत."

"आठ इंची?"

"आठ बी अन् सहा बी. पलंगाखाली आहे."

तासाभरात मालवाहू ऑटोत डाय घालून ती भनपुरीला पोचली. मीही गेले, जाण्यावाचून गत्यंतर नव्हते. सुनंदाने डाय कोणाच्या हाती दिली नाही. ती दिनेश साहूंच्या प्रेससमोर उभी राहिली, तिने तळहात आडवा धरून वरची-खालची मोकळी जागा पाहिली आणि म्हणाली, "दीड इंच पॅकिंग लागन. माही प्रेस ठेंगनी होती." मी पट्टी लावून मोजले. अडतीस मिलिमीटर. दीड इंचच.

डायखालची जागा भरायला जाड पत्र्याची पॅकिंग कापून बसवेपर्यंत दुपार झाली. पहिली बादली कोपऱ्यात फाटली. दिनेश साहूंनी डोळे मिटले. दुसरीच्या कडेला चुणी पडली. सुनंदाने साच्यात बोट फिरवले, तेल जरा जास्त लावले, पत्रा दाबून धरणारे बोल्ट अर्धा आटा आवळले. तिसरी बादली बाहेर आली तेव्हा तिने ती कानाजवळ नेऊन बोटाच्या पेराने वाजवली, आणि दिनेश साहूंच्या हातात दिली. त्यांनी ती उजेडात धरली, आतून पाहिली, बाहेरून पाहिली.

"दीदी, आप इतने साल कहाँ थे?"

"बीरगांवले."

"बीरगांव!" ते मटकन स्टुलावर बसले. "अरे, हर सीज़न में मैं आधे ऑर्डर हाथ जोड़ के लौटाता हूँ. एक प्रेस से कितना निकलेगा? पार्टी पूछती है, तुम नहीं तो कौन? मैं बोलता हूँ, पता नहीं. वो नागपुर चली जाती है." मग ते माझ्याकडे वळले. "मैडम, आपको मालूम था ये बनाती हैं?"

"माहीत होते," मी म्हणाले. "नियम तुमच्याच हितासाठी होता."

"मेरे से पूछ तो लेते, मैडम."

रागावून म्हणाले असते तर बरे झाले असते. ते नुसतेच म्हणाले. सुनंदाने त्या वेळी माझ्याकडे पाहिले नाही. ती फडक्याने डाय पुसत होती.

दहा दिवस ती भनपुरीला जात होती. बादल्या वेळेवर गेल्या, मिल सुरू झाली. अकराव्या दिवशी दिनेश साहू तिला म्हणाले की डाय इथेच ठेवा, तुम्हीही इथेच काम करा. तिने डाय ऑटोत घातली आणि परत बीरगांवला नेली. "दुसऱ्याच्या प्रेसवर माही डाय चालते," ती मला म्हणाली, "पन मी नाही चालत."

तिची प्रेस गेली ती केवळ माझ्या नियमामुळे, असे मी म्हणणार नाही. मिल विकली गेली त्यात माझा हात नव्हता. पण अनेक कारणांपैकी एक कारण माझ्या हातात होते, आणि ते सुवाच्य अक्षरात होते.

पुढच्या बैठकीत मी नियम रद्द करण्याचा प्रस्ताव मांडला. खोकीवाले उठून म्हणाले, "मैडम, फिर मेरे यहाँ आने का फायदा क्या?" विमावाल्यांनी सांगितले की आपल्या बैठकीचे हेच तर वैशिष्ट्य आहे. हात वर करून मत घेतले. रद्द करण्याच्या बाजूने दिनेश साहूंचा हात वर गेला, आणखी दोघांचा, आणि वानखेडे भाऊंचा. ते सभासद नाहीत म्हणून त्यांचा हात मोजता आला नाही. मीच मोजला नाही. नियमाप्रमाणे.

त्या वर्षअखेरीस मी ते काम सोडले. आता तरुण मंडळी बैठक चालवतात, व्यवस्थित चालवतात. नकाशा संगणकावर गेला आहे आणि चौकोन रंगीत झाले आहेत. नियम तोच आहे. मी त्यांना दोष देत नाही. तो त्यांना मीच शिकवला.

घरी बसल्यावर मी आभारचिठ्ठ्यांचे गठ्ठे सोडले. मला पडताळायचे होते की दिनेश आणि सुनंदा हा अपवाद आहे की उदाहरण. चिठ्ठ्या निरुपयोगी निघाल्या. टाळ्या वाजतात तिथे लिहिलेली नोंद मोजमाप म्हणून धरता येत नाही. कोणी शेजारच्या खुर्चीला बरे वाटावे म्हणून चिठ्ठी दिली होती, कोणी आपल्याला परत मिळावी म्हणून. एका कामासाठी तिघांना दिलेल्या तीन चिठ्ठ्याही सापडल्या.

म्हणून मी वेगळी पद्धत घेतली. विद्यार्थ्यांना मी नेहमी सांगत असे: माप घेण्याआधी अंदाज लिहून ठेवा, नाही तर माप पाहून अंदाज बदलतो. मी अंदाज लिहिला: काम सर्वांत जास्त मिळते ते माल घेणाऱ्यांच्या ओळखीतून. मग जुन्या सभासदांना एकेक करून फोन केला आणि सगळ्यांना एकच प्रश्न विचारला. तुमच्याकडे शेवटचे जे नवे गिऱ्हाईक आले, त्याला तुमचे नाव कोणी सांगितले?

उत्तरे ऐकून मी फोन खाली ठेवून बसत असे. "अपनी ही लाइन का एक आदमी है, उसने भेजा." "वो बड़ा काम करता है, छोटा मुझे दे देता है." "उसके पास टाइम नहीं था." पुन्हा पुन्हा हेच, वेगवेगळ्या आवाजांत. ज्यांना एकमेकांचे शत्रू समजून मी वेगवेगळ्या खोल्यांत ठेवले होते, ते खोल्यांच्या बाहेर एकमेकांकडे काम पाठवीत होते. कॉलर धरणारे खोकीवालेसुद्धा. मोठ्या मापाची खोकी आता पहिला दुसऱ्याकडे पाठवतो. हे मला दोघांनीही सांगितले आणि एकमेकांना न सांगण्याची विनंतीही दोघांनी केली.

थोडा विचार केला तर यात नवल नाही. आपले काम चांगले की वाईट हे आपल्याच कामातला माणूस सर्वांत नेमके ओळखतो. त्याला काही कामे परवडत नाहीत, काही झेपत नाहीत, काही वेळेत बसत नाहीत. तो नाही म्हणतो तेव्हा गिऱ्हाईक हमखास विचारते, मग कोण? त्या वेळी त्याच्या ओठांवर एक नाव असावे लागते. ते तिथे पोचवणे हे माझे काम होते. मी सात वर्षे ते नाव प्रतीक्षावहीत ठेवले.

आकडा मी मुद्दाम देत नाही. काही जणांनी फोन घेतला नाही, काहींना आठवत नव्हते, आणि मी विचारते आहे म्हणून काहींनी मला आवडेल ते सांगितले असेल. एवढ्यावर टक्केवारी काढणाऱ्या विद्यार्थ्याला मी गुण दिले नसते.

सगळ्यात शेवटी सुनंदाला फोन केला. ती सभासद नव्हती, तेव्हा तपासणीच्या नियमात ती बसत नव्हती. तरी केला. तिच्याकडे अजून स्वतःची प्रेस नाही. हंगामात ती बीरगांवातल्याच एका शेडीतली प्रेस तासावर भाड्याने घेते आणि पलंगाखालची डाय तिथे नेते. मागून मशीनचा धप्प, धप्प आवाज येत होता.

मी प्रश्न विचारला. शेवटच्या गिऱ्हाइकाला तुझे नाव कोणी सांगितले?

"दिनेश भैयानं. आनखी कोन सांगनार?"

"आणि त्याच्या आधीच्या गिऱ्हाइकाला?"

मशीन थांबल्यासारखे वाटले. कदाचित ती बाजूला झाली असेल.

"त्याच्या आधी कोनी सांगतच नव्हतं, मॅडम. तुमाले तर माहीत आहे."

हे माझे उत्तर. ते एका शहरातले, एका बाईने घेतलेल्या मापाचे आहे, आणि माझ्या मापात चूक असू शकते हे मी वर दाखवून दिले आहे. म्हणून वाचकांना विनंती करते. तुम्ही कोणताही धंदा करीत असाल, शिवणकाम, गॅरेज, शिकवण्या, काहीही, तर आधी तुमचा अंदाज एका कागदावर लिहा. मग तुमच्याकडे शेवटी आलेली पाच नवी कामे आठवा, आणि प्रत्येकासमोर लिहा की तुमचे नाव कोणी सांगितले. शक्य असेल तर त्या गिऱ्हाइकाला विचारूनच लिहा. शेवटी, तुम्ही परत पाठवलेली पाच कामे लिहा आणि त्यांच्यासमोर तुम्ही कोणाचे नाव सांगितले तेही. ती जागा रिकामी राहत असेल, तर तिथे ज्याचे नाव यायला हवे तो तुमच्यापासून किती किलोमीटरवर आहे, एवढे शोधून पाहा. माझ्यावर विश्वास ठेवू नका, मोजून पाहा.